आपली त्वचा ओळखा, मगच तिची निगा राखा

डोंबिवलीत लहानाची मोठी झालेली एखादी मुलगी लग्न होऊन इंदूरला सासरी जाते. माहेरी असताना दुपारपर्यंत तिचा चेहरा तेलाने चमकू लागायचा. आठवी-नववीत मुरमे आली तेव्हाच आईने सांगून ठेवलेले असते, “तुझी कातडी तेलकट. दिवसातून चार वेळा साबणाने तोंड धुवायचे आणि आठवड्यातून दोनदा मुलतानी माती लावायची.” हा नेम ती सासरीही चुकवत नाही. पण जानेवारी उजाडतो आणि गालांवर पापुद्रे सुटू लागतात. हसताना ओठांच्या कडेची त्वचा ओढल्यासारखी होते. कपाळावरच्या पुटकुळ्या मात्र जागच्या जागी. लग्नानंतरची पहिली संक्रांत, काळी साडी नेसायची, हळदीकुंकवाला बायका येणार आणि चेहरा हा असा! नणंद म्हणते, “वहिनी, माझ्या मैत्रिणीने एक क्रीम लावले, आठ दिवसांत चेहरा उजळला. औषधाच्या दुकानात मिळते, चिठ्ठीसुद्धा मागत नाहीत.”

क्रीम येते आणि खरोखरच आठ दिवसांत चेहरा नितळ होतो. संक्रांत छान पार पडते. त्या क्रीमने पुढे काय केले ते ओघाने येईलच. आधी त्या मुलीचे चुकले कुठे, ते पाहू.

तिची त्वचा तेलकट आहे हे आईने ओळखले ते बरोबरच होते. पण ते निदान चौदाव्या-पंधराव्या वर्षाचे आणि दमट हवेतले होते. पुढे वय बदलले, गाव बदलले, हवा बदलली, नळाचे पाणीही बदलले. बदलला नाही तो फक्त नेम. रक्तगट एकदा तपासला की जन्मभर तोच राहतो. त्वचेचे तसे नसते.

तेल वेगळे, ओलावा वेगळा

तळहात आणि तळपाय सोडले तर अंगावर जवळजवळ सगळीकडे त्वचेत बारीक तैलग्रंथी असतात. कपाळ, नाक, हनुवटी, छाती आणि पाठ येथे त्यांची दाटी सर्वांत अधिक. वयात येताना शरीरातील संप्रेरकांमुळे या ग्रंथी जोमाने काम करू लागतात, म्हणून त्या वयात मुरमे. पाळी जाण्याच्या सुमारास त्यांचे काम मंदावते आणि आयुष्यभर तेलकट चेहऱ्याला कंटाळलेल्या बाईला पन्नाशीनंतर कोरडेपणा जाणवू लागतो. तरीही कित्येक घरांत आरशाखालच्या फळीवर एकच डबी असते आणि आजीपासून नातीपर्यंत सगळ्याजणी त्यातच बोट घालतात.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. तेल आणि ओलावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा गिलावा असतो. तो आतले पाणी बाहेर उडून जाऊ देत नाही. वारंवार साबण लावला, कढत पाण्याने आंघोळ केली, खरखरीत काही चोळले, की हा गिलावा धुऊन निघतो. ग्रंथी मात्र तेल सोडतच राहतात. अशा वेळी चेहरा वरून तेलकट आणि आतून तहानलेला, असा दोन्ही असू शकतो. इंदूरच्या कोरड्या थंडीत त्या मुलीचे नेमके हेच झाले होते. तेलकटपणा दिसतो म्हणून ती अधिक धूत होती आणि अधिक धुतल्याने गालांची सालपटे निघत होती.

तेलकट, कोरडी, मिश्र ही वर्गवारी तशी सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेलेना रुबिनस्टाइन या प्रसाधन-उद्योजिकेने ती लोकप्रिय केली. त्वचारोगतज्ज्ञ आणखी एक वर्गवारी वापरतात. हार्वर्डचे डॉक्टर थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मांडलेली ही वर्गवारी त्वचा उन्हाला कसा प्रतिसाद देते यावर आधारलेली आहे. तिचे आता सहा प्रकार मानले जातात आणि बहुतेक भारतीयांची त्वचा चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडते. ही त्वचा उन्हाने सहसा भाजत नाही, पण पटकन काळवंडते. मुरूम फोडले, चटका बसला, खाजवले, काही झोंबले, तरी मागे काळा डाग राहतो आणि तो महिनोन् महिने जात नाही. आपल्याकडच्या बायकांची खरी तक्रार मुरमांपेक्षा या डागांचीच असते. म्हणूनच चेहऱ्यावर काहीही घासण्याआधी, पिळण्याआधी दोनदा विचार करावा.

घरच्या घरी परीक्षा

सुट्टीचा दिवस निवडा. सकाळी सौम्य फेसवॉशने किंवा साबणाने आणि साध्या पाण्याने चेहरा एकदाच धुवा. मऊ पंचाने नुसता टिपून घ्या, रगडू नका. त्यानंतर तासभर चेहऱ्याला काहीही लावायचे नाही, अगदी पावडरसुद्धा नाही. या तासात गॅसपाशी उभे राहू नका, की थेट पंख्याच्या वाऱ्यात अथवा एसीत बसू नका. मग पातळ टिश्यू पेपरचे तुकडे घेऊन कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गाल येथे एकेक तुकडा हलकेच दाबा. प्रत्येक जागेला वेगळा तुकडा हवा, कारण नाकाचा कागद गालाला लावला तर परीक्षा फुकट.

सगळ्या तुकड्यांवर तेलाचे डाग उमटले तर त्वचा तेलकट. कपाळ, नाक आणि हनुवटीच्या कागदावरच डाग आले आणि गालांचे कागद कोरे राहिले तर मिश्र. कुठेच डाग नाही आणि चेहरा ताणल्यासारखा वाटतो, बोट फिरवल्यावर खरखर जाणवते, तर कोरडी. डागही नाही आणि ताणही नाही, तर त्वचा साधी. अशी त्वचा लाभलेल्या भाग्यवतीने उगाच तिच्यावर प्रयोग करत बसू नये. कागदावर तेल आले पण धुतल्याबरोबर चेहरा ताणत होता, तर वर सांगितलेली तेलकट पण तहानलेली अवस्था समजावी.

ही परीक्षा वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि जानेवारीत, करावी. बदली होऊन, लग्न होऊन किंवा शिक्षणासाठी नव्या गावी गेल्यास महिन्याभराने पुन्हा करावी. मुंबई-गोव्याची दमट हवा आणि नागपूर, दिल्ली, इंदूरकडची कोरडी थंडी यांत एकच त्वचा दोन वेगळी उत्तरे देऊ शकते.

तेलकट त्वचा : धुण्याचा अतिरेक नको

सकाळी आणि रात्री, असे दोन वेळा फेसवॉश पुरे. घाम आला तर मध्ये नुसत्या पाण्याचा हबका मारावा. राजस्थानात बाडमेरकडे खाणींतून निघणारी मुलतानी माती तेल शोषून घेते, हे खरेच आहे. उन्हाळ्यात, दमट हवेत आठवड्यातून एकदा ती लावायला हरकत नाही. मात्र ती चेहऱ्यावर तडे जाईपर्यंत वाळू देऊ नये. ओलसर असतानाच धुवावी आणि थंडीत हा प्रयोग बंद ठेवावा.

कपाळावरच्या पुटकुळ्यांचे एक कारण आपल्या घरात बाटलीत भरून ठेवलेले असते. रात्री डोक्याला खोबरेल चोपडून झोपले की ते कपाळावर उतरते, उशीच्या अभ्र्याला लागते, अभ्र्याचे गालाला लागते. त्याने रंध्रांची तोंडे बुजतात. मुरमे येणाऱ्या मुलींनी तेल न्हाण्याआधी तास-दोन तास लावावे, केसांच्या मुळाशी बेताने लावावे आणि अभ्रा वरचेवर बदलावा. एवढ्याने अर्धे काम होते, असे अनेकींना आढळेल.

तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर नको, हा समजही चुकीचा आहे. जेलसारखे किंवा पातळ लोशन तिलाही हवे असते. लिंबाचा रस, टूथपेस्ट, खायचा सोडा यांचे उपाय मात्र कोणी कितीही छातीठोकपणे सांगितले तरी करू नयेत. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन तिथे काळे चट्टे पडू शकतात.

कोरड्या आणि मिश्र त्वचेचे

कोरड्या त्वचेच्या बाबतीत काय लावता याहून केव्हा लावता हे महत्त्वाचे. आंघोळ झाल्यावर अंग टिपून दोन-तीन मिनिटांतच, त्वचा ओलसर असताना, क्रीम, लोशन किंवा व्हॅसलीन लावावे, म्हणजे तो ओलावा आत अडून राहतो. तासाभराने लावलेल्या महागड्या क्रीमपेक्षा वेळेवर लावलेले स्वस्त व्हॅसलीन बरे. ग्लिसरीन निव्वळ लावू नये, गुलाबपाण्यात किंवा साध्या पाण्यात मिसळून ओल्या त्वचेवर लावावे. पाणी कोमट असावे. थंडीत कढत पाण्याच्या बादलीचा मोह सुटत नाही, पण त्वचेला सर्वांत जास्त कोरडी तीच करते.

दिवाळीतल्या अभ्यंगस्नानात आधी तेल आणि मग उटणे, हा क्रम शहाणपणाचा आहे. तेल मुरते आणि उटण्याने जास्तीचे निघून जाते. घोटाळा होतो तो त्यावर पुन्हा खसखसून साबण लावल्याने.

मिश्र त्वचा आपल्याकडे बरीच आढळते. तिची निगा म्हणजे एकाच चेहऱ्यावर दोन संसार. माती किंवा मुरमांचे औषध कपाळ-नाकापुरते आणि जाडसर क्रीम गालांपुरते ठेवावे, इतकेच.

नाजूक त्वचा आणि टिकलीचा डाग

काही जणींची त्वचा तेलकट असो वा कोरडी, ती चटकन बिथरते. नवे क्रीम लावले की आग, लाली, खाज. अशांनी कोणतेही नवे प्रसाधन आधी कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस थोडे लावून पाहावे, मगच चेहऱ्याकडे न्यावे. बेसन, हळद, संत्र्याच्या सालीची पूड ‘घरचे’ म्हणून निरुपद्रवी समजले जाते. पण जाडसर पूड नाजूक त्वचेला ओरबाडतेच.

आपल्याकडे वारंवार दिसणारा प्रकार टिकलीचा. काही टिकल्यांच्या गोंदात असे रसायन असते की रोज त्याच जागी टिकली लावल्याने तिथे आधी खाज येते आणि पुढे त्वचेचा रंगच जाऊन पांढरा ठिपका पडतो. बायका तो झाकण्यासाठी आणखी मोठी टिकली लावतात आणि डाग टिकलीबरोबर वाढत जातो. खाज सुटताच टिकली बंद करून डॉक्टरांना दाखवावे. तोपर्यंत कपाळ मोकळे राहिले म्हणून सासूबाई रागावतील, ही भीती असेल तर त्यांनाही डॉक्टरांकडे सोबत न्यावे! ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुडीतही बहुधा केसांच्या कलपातले रसायनच असते. कपाळाला, कानामागे खाज आली तर तिचा संशय घ्यावा.

साबण, पाणी आणि ऊन

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, तर साबण अल्कधर्मी. म्हणून साबणाने धुतल्यावर काही काळ चेहरा ताणतो. वडी घेताना वेष्टनावरच्या वासाच्या वर्णनाऐवजी ‘टीएफएम’ हा आकडा वाचावा. भारतीय मानकानुसार अंगाच्या साबणात पहिल्या दर्जाला ७६ टक्के, दुसऱ्याला ७० आणि तिसऱ्याला ६० टक्के टीएफएम लागते. हा आकडा जितका जास्त तितका साबणात भराव कमी. विंधण विहिरीच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही आणि पाण्यातील क्षारांशी साबणाचा संयोग होऊन तयार झालेला चिकट थर त्वचेवर राहतो. अशा गावी तोंडाला साबणाऐवजी सौम्य फेसवॉश वापरून शेवटी पिण्याच्या पाण्याचा एक तांब्या चेहऱ्यावर घेतला तरी फरक पडतो.

ऊन मात्र प्रत्येक प्रकारच्या त्वचेला सारखेच नडते. गालांवरचा वांग उन्हाने वाढतो. वांगासाठी हजारो रुपये खर्च करायचे आणि भर दुपारी उघड्या तोंडाने स्कूटरवरून मुलांना शाळेतून आणायचे, याला अर्थ नाही. तिशीपुढचा एसपीएफ असलेले सनस्क्रीन, चेहरा आणि मान मिळून दोन बोटे भरतील इतके, बाहेर पडण्याआधी लावावे आणि सतत उन्हात असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे. तेलकट त्वचेसाठी ते जेल स्वरूपात मिळते. पदर आणि छत्री यांना तर पैसेही पडत नाहीत.

आठ दिवसांत उजळवणारे क्रीम

आता त्या नणंदेच्या क्रीमकडे वळू. अशा बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असते, कधी त्याच्या जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन. हे तिहेरी मिश्रण वांगावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, काही आठवड्यांपुरते देण्याचे औषध आहे. स्टेरॉइड लाली आणि सूज दाबून टाकते, रंगही फिका करते, म्हणून पहिल्या आठवड्यात जादू झाल्यासारखी वाटते. महिना-दोन महिन्यांनी त्वचा पातळ पडू लागते. गालांवर लाल बारीक केशवाहिन्या दिसू लागतात, उन्हात जाताच आणि गॅसपाशी उभे राहताच चेहऱ्याची आग होते, बारीक पुरळ उठते, गालांवर, हनुवटीवर लव वाढते. घाबरून क्रीम सोडले की सगळे दुपटीने उसळते. मग बाई तीच ट्यूब पुन्हा आणते, कारण लावल्यावर दोन दिवस बरे वाटते. दारूच्या व्यसनासारखेच हे, फक्त बाटलीऐवजी ट्यूब.

त्वचारोगतज्ज्ञांनी या प्रकाराविरुद्ध बरीच वर्षे आवाज उठवला आणि मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडांची मलमे शेड्यूल एचमध्ये घातली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कायदा असला तरी गल्लीतल्या दुकानात ट्यूब मिळून जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा ग्राहकानेच ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचावीत. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव दिसले तर ते सौंदर्यप्रसाधन नव्हे, औषध आहे. गजकर्णावरच्या मिश्र मलमांतही ही नावे सापडतात आणि त्यांनी गजकर्ण बरे होण्याऐवजी पसरते.

घटक न छापलेल्या, कुठून आल्या हे सांगता न येणाऱ्या गोऱ्या रंगाच्या डब्यांचा धोका निराळाच. त्यांत पारा सापडलेला आहे आणि पारा मूत्रपिंडांना इजा करतो. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंडाच्या विकाराचे असे रुग्ण डॉक्टरांच्या लक्षात आले होते. १९७५ पासून घराघरांत गेलेल्या फेअर अँड लव्हलीचे नाव २०२० मध्ये बदलून ग्लो अँड लव्हली झाले. पण लग्नाच्या जाहिरातींतून ‘गोरी’ हा शब्द काही गेला नाही. सावळी त्वचा हा त्वचेचा दोष नाही आणि गोरी त्वचा म्हणजे निरोगी त्वचा नव्हे. गोरी बाईसुद्धा टिश्यू पेपरच्या परीक्षेत सपशेल नापास होऊ शकते.

काही तक्रारी मात्र क्रीमच्या आवाक्यातल्याच नसतात. मुरमांबरोबर पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. त्वचा एकाएकी कोरडी पडली, केस गळू लागले, थकवा आणि वजन वाढले तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. वयात येणाऱ्या मुलामुलींच्या मानेवर मखमलीसारखा काळा पट्टा दिसला की आया तो मळ समजून वजरीने घासत बसतात. तो मळ नसतो. बहुधा वाढते वजन आणि इन्शुलिनच्या कामातील बिघाड यांची ती खूण असते. तेथे घासण्याऐवजी रक्ततपासणी लागते.

इंदूरची ती सून अखेर होळीच्या सुमारास त्वचारोगतज्ज्ञांपुढे बसते, तेव्हा ट्यूब पर्समधून काढायलाही तिला संकोच वाटतो. पण नेमके तेच करायला हवे. काय लावत होतो ते लपवले तर डॉक्टरांनी उपचार कशावर करायचे? ते क्रीम कसे थांबवायचे हेही त्यांनाच विचारून ठरवावे लागते. अशी बिघडलेली त्वचा सावरायला काही महिने जातात आणि मधल्या काळात चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो, याची मनाची तयारी लागते. या काळात घरच्यांनी “अगं, चेहऱ्याला काय झालं?” असे रोज विचारले नाही तर तिच्यावर उपकार होतील.

तिची यादी आता छोटी आहे : सौम्य फेसवॉश दोन वेळा, ओल्या चेहऱ्यावर साधे मॉइश्चरायझर, बाहेर पडताना सनस्क्रीन. मुलतानी मातीचा डबा वरच्या फळीवर गेला आहे. मे महिन्यात माहेरपणाला डोंबिवलीला जाताना मात्र ती तो आठवणीने बॅगेत टाकते.